काट्यावरचा माणूस

काटोलचा व्यापारी ऐंशी हजारांचा माल टेम्पोत भरून नागपूरला धाडतो तेव्हा सोबत बिल असलं की झालं. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. तोच माल मध्य प्रदेशातल्या सौंसरहून निघाला तर ई-वे बिल काढल्याशिवाय टेम्पो फाटकाबाहेर पडत नाही. वाटेत राज्याची हद्द लागते, आणि हद्द ओलांडणाऱ्या मालाला मर्यादा पन्नास हजारांची आहे. दोन्हीकडून नागपूर थोडंफार सारखंच लांब. हद्दीच्या अल्याड-पल्याड त्याच संत्र्याच्या बागा, तीच कापसाची शेतं, तीच मराठी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. मग राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं, छिंदवाडा जिल्हा पांढुर्णा-सौंसरसह मध्य प्रदेशातच राहिला. कारखाना एका राज्यात आणि बाजारपेठ दुसऱ्या, अशी पांढुर्णा-सौंसरची कायमची अवस्था झाली. ५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. बाजार मात्र नागपूरचाच.

त्यामुळे इथल्या लहान कारखानदारानं संगणक हौसेनं घेतला असं म्हणता येत नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, १ एप्रिल २०१८पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल आलं, आणि ज्यांचा जवळपास प्रत्येक ट्रक राज्याबाहेर जातो त्यांना दुसरा मार्गच उरला नाही. मुनीमजींच्या लाल वहीशेजारी आधी टॅली आली, मग इंटरनेट, मग रात्री अकरा वाजता मोबाईलवर ओटीपी मागणारं पोर्टल. गाडीचा नंबर भरायचा, पावतीचा नंबर भरायचा, अंतर भरायचं. दोनशे किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर नवा नंबर भरेपर्यंत तो माल कागदोपत्री बेवारस. कायद्यात दंड कराच्या दुप्पट आहे. पुढे सरकारच्याच लक्षात आलं की हे सगळं टाइप करणारी माणसं आहेत. सप्टेंबर २०१८च्या परिपत्रकानं गाडीच्या नंबरातली एक-दोन आकड्यांची चूक, पिनकोडची चूक, नावातली अक्षराची चूक किरकोळ ठरवली आणि दंड हजार रुपयांवर आणला. करव्यवस्थेत माणसाच्या बोटांचा इतका उघड विचार क्वचितच झाला असेल.

पण मुनीम हा साखळीतला शेवटचा माणूस. त्याच्यासमोर येतो तो आकडा आधीच कुणीतरी तयार केलेला असतो, बहुतेकदा फाटकाजवळच्या काट्यावर उभं राहून. लहान कारखान्यांच्या डिजिटल होण्याबद्दल जे बोललं जातं, त्यात सॉफ्टवेअर असतं, अनुदान असतं, मालकाची दूरदृष्टी असते. हा पहिला आकडा तयार करणारा माणूस त्यात नसतो. या प्रकरणात त्याच्याकडेच पाहायचं आहे.

लहान म्हणजे किती लहान, हेही आधी सांगायला हवं. १ एप्रिल २०२५पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तो सूक्ष्म उद्योग. पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंतचा तो लघु. कापसातली सरकी काढून हंगामात रुईच्या दहा हजार गाठी बांधणारं जिन घ्या. गाठ १७० किलोची. रुईचा भाव खंडीला, म्हणजे ३५६ किलोंना, पंचावन्न हजार धरला तर नुसत्या रुईची उलाढाल सव्वीस कोटींच्या पुढे जाते. कागदावर हा आकडा भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात कार्यालयात दोन-तीन माणसं, एक संगणक, एक प्रिंटर आणि बाहेर हंगामी मजूर, एवढाच संसार. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची गिरणी आहे, सौंसर तालुक्यातच भन्साळी इंजिनिअरिंग पॉलिमर्सचा प्लास्टिकचा मोठा कारखाना आहे. अशा ठिकाणी संगणकासाठी वेगळं खातं असतं. जिनात ते खातं म्हणजे मालकाचा बारावी झालेला पुतण्या.

या पट्ट्यातला सगळ्यात जुना कारखानी धंदा जिनिंगचाच. पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा ही गावं इंग्रजी आमदानीत कापसामुळे नावारूपाला आली. लोधीखेड्याची पितळ-तांब्याची भांडीही तेव्हाच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहेत. म्हणून उदाहरण जिनाचंच घेऊ.

दिवाळीनंतरची सकाळ. फाटकाशी कापसाच्या गाड्यांची रांग. पहिली गाडी काट्यावर चढते. काट्याच्या खाली लोडसेल, खोलीत आकडा दाखवणारा डबा, त्याला जोडलेला संगणक, वर नंबरप्लेटचा फोटो घेणारा कॅमेरा. आता यात माणसाचं काम काय उरलं, असं वाटतं. पण काट्यावरचा जाणता पोरगा आधी खिडकीतून केबिनमध्ये डोकावतो. भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर आणि त्याचा साथीदार आत बसले असतील, आणि रिकामी गाडी तोलताना दोघं चहाला उतरले, तर सव्वाशे किलो माणसं कापूस म्हणून विकली जातात. हमीभाव लांब धाग्याला २०२५-२६मध्ये क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे दहा हजार रुपये. मागचं चाक काट्याच्या कडेबाहेर टेकलं असेल तर चूक उलट्या बाजूला जाते आणि शेतकरी नागवला जातो. संगणकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला वजन दिसतं.

मग ओलावा. कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्यापुढे बारापर्यंत दर टक्क्याला एक टक्का भाव कापतात, बारावर घेतच नाहीत. म्हणजे मीटरची सुई एका टक्क्यानं इकडची तिकडे झाली की क्विंटलमागे एक्याऐंशी रुपये, तीस क्विंटलच्या गाडीमागे अडीच हजारांच्या आसपास. मीटर कापसाचा विद्युतरोध मोजतं. मूठ सैल धरली, घट्ट दाबली, सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, आकडा हलतो. वरचा कापूस उन्हानं कोरडा आणि आतला दवानं किंवा मुद्दाम मारलेल्या पाण्यानं ओला, हेही नेहमीचंच. प्रतवारी करणारा माणूस म्हणून खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसतो. आतला कापूस बोटांना गार लागला की तो मीटर तिथे लावायला सांगतो. मग मूठभर कापूस काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून लांबी पाहतो, पिवळी पडलेली कवडी किती, पाल्याचा चुरा किती, हे दोन-चार क्षणांत ठरवतो.

खोलीतलं पोरगं विचारतं, ‘काका, ओलावा किती टाकू?’ काका म्हणतात, ‘साडेनऊ टाक.’ मीटरवर नऊ असतं. हा साडेनऊ कुठून आला? वरचा आठ, आतला अकरा, मधला नऊ, आणि वीस वर्षांचा हात. संगणकात जातो तो हा निवाडा, पण तिथे तो दशांशचिन्हासह बसला की मोजमाप वाटू लागतो. दुसऱ्या दिवशी मालक पडद्यावर तो आकडा वाचतो तेव्हा त्यामागे मीटर होतं की माणूस, हे त्याला कळायला मार्ग नसतो. माझ्या मते लहान कारखान्यातल्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथे आहे. अशा जागी सॉफ्टवेअरमध्ये दोन रकाने हवेत: मीटर काय म्हणालं, आणि काका काय म्हणाले. दोघांत नेहमी किती अंतर पडतं हे एका हंगामात कळलं असतं, आणि काकांच्या हाताची किंमतही. असे दोन रकाने ठेवणारं तयार सॉफ्टवेअर मी तरी पाहिलेलं नाही, कारण ते बनवणाऱ्यानं काकांना विचारलेलं नसतं.

आता पुढची गंमत. तीस क्विंटल कापूस आत गेला. रुईचा उतारा चौतीस टक्के धरला तर दहा क्विंटल वीस किलो रुई निघते, म्हणजे बरोबर सहा गाठी. बाकी सरकी आणि थोडी घट. उतारा हा जिनाचा प्राण. तो एका टक्क्यानं घसरला तर या एकाच गाडीमागे तीस किलो रुई कमी. त्या जागी निघालेल्या सरकीचे पैसे वजा केले तरी साडेतीन हजारांच्या घरात तोटा. पूर्वी उतारा महिन्याच्या शेवटी कळायचा, तोही अंदाजानं. आता टॅलीत आवक आहे, प्रेसवर गाठींचं वजन आहे, संध्याकाळीच पडद्यावर येतं: आज ३३.१. संगणकाचा हा खरा फायदा आहे आणि तो मोठा आहे.

पण ३३.१ का? ओलावा कमी टाकला गेला असेल आणि वाळल्यावर वजन उडालं असेल. कचरा जास्त असेल. काट्यावर माणसं तोलली गेली असतील. वाण बदललं असेल. किंवा यंत्र रुई सोडत नसेल. पडदा सांगतो की काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते सांगत नाही.

यंत्र रुई सोडत नाही, हे ओळखणारा माणूस म्हणजे फिटर. आपल्याकडची जिनं दोन रुळांची. चामड्याच्या चकत्या दाबून बनवलेला खरखरीत रूळ फिरतो, कापसाचा धागा त्याला चिकटून स्थिर सुरीखाली ओढला जातो, आणि हलती सुरी वरून ठोकून सरकी वेगळी पाडते. रुळाने धागा धरायचा आणि दुसऱ्या कशाने बी अडवायचं, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातही एकरुळी चरकी दिसते. आजच्या यंत्राचा पूर्वज मात्र १८४०चं अमेरिकेतलं मॅककार्थी जिन. रूळ झिजला, त्यावरच्या खाचा बुजल्या, सुरीचं अंतर हललं, की धागा अर्धवट सुटतो. फिटर यंत्राखालून मूठभर सरकी उचलतो आणि उजेडाकडे धरतो. बियांवर लांब धागे राहिले असतील तर दोष सुरीचा किंवा रुळाचा. बी फुटलेलं दिसलं तर सुरी फार जवळ आली. सरकी स्वच्छ असेल तर तो हात झटकतो आणि सांगतो, ‘मशीन बरोबर आहे, काट्यावर पाहा.’ बारा-चोवीस यंत्रांच्या रांगेतून चालत जाताना कुठल्या यंत्राचा आवाज बदलला, हेही त्याला कळतं. जिनाच्या त्या गदारोळात नव्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३मध्ये ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. विषय होता स्वयंचलित कारखान्यांतला विरोधाभास. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सोपी कामं यंत्राकडे गेली की माणसाकडे उरतात ती फक्त अवघड, अवचित उद्भवणारी, पण रोजचा हात सुटल्यानं तीच करण्याची त्याची तयारी कमी होत जाते. म्हणजे स्वयंचलन जितकं वाढेल तितकं माणसाचं कसब अधिक मोलाचं होतं, आणि त्याच वेळी ते गंजायलाही लागतं. बाईंसमोर रासायनिक कारखाने आणि विमानं होती. जिनात अजून ती पाळी आलेली नाही. फिटर रोज सरकी हातात घेतो म्हणून त्याचा डोळा शाबूत आहे. उद्या प्रत्येक यंत्राच्या मोटारीवर सेन्सर बसला आणि फिटरला पडद्यासमोर बसवलं, तर दोन हंगामांत तो डोळा जाईल, ही भीती मला खरी वाटते. साकिची टोयोदा यांनी १९२४मध्ये जो स्वयंचलित माग सिद्ध केला तो धागा तुटताच आपोआप थांबायचा आणि माणसाला बोलवायचा. थांबणं यंत्राचं, कारण शोधणं माणसाचं, अशी ती वाटणी होती. सेन्सर बसवायचे तर या रीतीनं बसवावेत.

यंत्रांच्या आधी आणि नंतर बाया आहेत. २०००च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्यात जुनी जिनं सुधारली गेली. डोक्यावर टोपल्या वाहून यंत्रात कापूस टाकणं गेलं, हवेच्या नळ्या आणि पट्टे आले. टोपल्या गेल्या तशी अनेक बायांची मजुरीही गेली, हे अभियानाच्या कौतुकात सांगायचं राहून जातं. ज्या उरल्या त्या आता वेचतात: प्लास्टिकच्या पोत्याची दोरी, रंगीत सुतळी, गुटख्याची पुडी, केस. बियाण्याच्या पिशवीचा निळा धागा रुईत गेला तर तो कताईत बारीक होऊन शेकडो मीटर सुतात पसरतो आणि रंगवलेल्या कापडावर ठिपका म्हणून उमटतो. तेव्हा तो कुणीच काढू शकत नाही. पट्ट्याशेजारी बसलेली बाई तो एका चिमटीत काढते. दिवसभरात तिनं किती धागे काढले याची नोंद कुठल्याही संगणकात नाही, कारण तिच्या कामाचं फळ म्हणजे न घडलेली गोष्ट.

आणि तरी गाठीवरच्या क्यूआर कोडची सगळी भिस्त तिच्यावर आहे. भारतीय कापसाला स्वतःची ओळख मिळावी म्हणून ऑक्टोबर २०२०मध्ये ‘कस्तुरी’ हे नाव जाहीर झालं, डिसेंबर २०२२मध्ये वस्त्र मंत्रालय, भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) आणि सुती कापड निर्यातदारांची परिषद टेक्सप्रोसिल यांच्यात त्यासाठी करार झाला. प्रत्येक गाठीवर कोड, त्यामागे ब्लॉकचेन, परदेशातल्या खरेदीदारानं मोबाईल धरला की गाठ कुठल्या जिनातली ते दिसणार. सीसीआयनंही आपल्या गाठींसाठी अशीच व्यवस्था आणली आहे. ब्लॉकचेनचं वैशिष्ट्य असं की एकदा घातलेली नोंद गुपचूप बदलता येत नाही. चांगली गोष्ट आहे. फक्त चुकीची घातली तर ती चूकही तितकीच पक्की.

कारण गाठ जन्मते ढिगातून. आवारात उतरवलेला कापूस कुठल्या ढिगावर टाकायचा हे मुकादम ठरवतो. जागा कमी, गाड्या जास्त, पावसाचं चिन्ह. अशा वेळी दोन गावांचा, दोन प्रतींचा कापूस एकाच ढिगात गेला की पुढे कुठलाही कोड त्यांना वेगळं करू शकत नाही. गाठीवर गाव छापलेलं येईल आणि आत तीन गावांचा कापूस असेल. ढीग वेगळे ठेवायला जास्त जागा लागते, हमालांना जास्त चालावं लागतं, आणि हमाली तर नगावर किंवा वजनावर मिळते. जादा चालण्याचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय कोडला अर्थ नाही. दिल्ली-मुंबईच्या करारांत हमालीचा दर नसतो.

इथे नागपूरचीच एक जुनी हकीकत आठवते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू केली. व्यवस्थापक नेमले बेजनजी मेहता, जे कापडधंद्यातले नव्हतेच, रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. १८८०च्या दशकात या दोघांनी रिंग स्पिंडल हे नवं तंत्र आणलं, लँकेशायर अजून जुन्या चात्यांवर समाधानी असताना. यंत्रं आली, पण कामगार रोज येतीलच याचा भरवसा नव्हता, गैरहजेरी प्रचंड. तेव्हा बक्षिसं, निवृत्तिवेतनाचा निधी, अपघाताची भरपाई असे उपाय त्या गिरणीत कायद्यानं सांगण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले. टाटांच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला ती धंद्याच्या हिशेबाची वाटते: महागडं यंत्र हाताळणारा हात टिकला नाही तर यंत्राचे पैसे बुडाले.

पांढुर्णा-सौंसरच्या जिनांची अडचण याच जातीची, फक्त हंगामी. ऑक्टोबरच्या शेवटी काम सुरू होतं, मार्च-एप्रिलला संपतं. काट्यावरच्या पोराला सॉफ्टवेअर शिकवण्यात नोव्हेंबर जातो, डिसेंबरात त्याचा हात बसतो, एप्रिलला त्याला घरी पाठवतात. पुढच्या वर्षी तो नागपूरला मॉलमध्ये किंवा बुटीबोरीला कारखान्यात लागलेला असतो आणि नवं पोरगं येतं. गावातल्या टॅलीच्या क्लासमध्ये व्हाउचर शिकवतात, जीएसटी शिकवतात. उतारा शिकवत नाहीत. जिनिंगचं शिक्षण द्यायला नागपुरात आयसीएआरच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे फिटर आणि सुपरवायझर तयार होतात. या दोन शिक्षणांची गाठ एका माणसात पडली तर काय बहार होईल. पडत नाही.

भाषेचंही आहे. पडदा इंग्रजी, मंडीचे कागद हिंदी, काट्यावरचं बोलणं मराठी. टॅलीत मराठी येते, पण क्लासमध्ये कुणी ती लावून दाखवत नाही. प्रतीच्या रकान्यात ए, बी, सी. कवडीला जागा नाही. मग कवडी ‘सी’त जाते, पावसानं काळवंडलेला कापूसही ‘सी’त जातो, आणि मालकाला मार्चमध्ये प्रश्न पडतो की यंदा ‘सी’चा उतारा असा वरखाली का. २०२५च्या हंगामापासून हमीभावासाठी शेतकऱ्यांना ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते. सातबाऱ्याच्या जागी इथे खसरा-खतौनी, आधारवरचं नाव एका वळणाचं, बँकेतलं दुसऱ्या. ते जुळवून देणारा माणूस बऱ्याचदा जिनातला तोच मुनीम असतो, फुकट, कारण गाडी अडली तर जिनही अडतं.

सगळ्यात नाजूक बाब भीतीची. ज्या दिवशी काट्याला कॅमेरा लागतो त्या दिवशी काट्यावरच्या माणसाला वाटतं, हा माझ्यासाठी लावला. पुष्कळदा ते खरंही असतं. मग तो स्वतःला वाचवायला शिकतो. चुकीबद्दल बोलणी बसणार असतील तर तो असे आकडे टाकतो ज्यांवर बोलणी बसत नाहीत. एखाद्या जिनाच्या नोंदीत ओलाव्याचा रकाना वरून खाली पाहावा: ८.५, ८.५, ८.५, ८.५. शंभर गाड्यांचा ओलावा सारखा असूच शकत नाही. दव पडलेल्या सकाळीही ८.५ आणि दुपारीही ८.५ असेल तर समजावं की इथे कापूस मोजला जात नाही, मालकाचा राग मोजला जातोय. असा तक्ता पडद्यावर फार सुबक दिसतो. बँकेच्या साहेबालाही आवडतो. खरे आकडे मग काट्याच्या खोलीतल्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेले सापडतात, कारण फिटरला आणि प्रेसवाल्याला काम तर खऱ्या आकड्यांवरच करायचं असतं. दोन वह्या ठेवण्याची चाल व्यापाऱ्यांची मानतात. मजुरांचीही असते, आणि त्यांची जास्त प्रामाणिक असते.

यावर तांत्रिक उपाय थोडे, वागण्याचे जास्त. काट्यावरच्या माणसाला स्वतःची नोंद त्याच दिवशी दुरुस्त करू द्यावी, फक्त जुना आकडा पुसला न जाता खाली राहावा. कंपन्यांच्या हिशेबासाठी तर १ एप्रिल २०२३पासून प्रत्येक फेरफाराची खूण ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचंच आहे. तीच सोय भीती कमी करायलाही वापरता येते. दुसरं, संध्याकाळचा उतारा फक्त मालकाच्या मोबाईलवर न जाता काट्यावर, फिटरपाशी आणि प्रेसवर फळ्यावर लिहिला जावा. ३३.१ हा आकडा तिघांनी एकत्र पाहिला तर कारण रात्रीतच निघतं. मालकानं एकट्यानं पाहिला तर दुसऱ्या दिवशी तिघांची तीन उत्तरं.

संत्र्याच्या मेण-कोटिंगच्या कारखान्यांत हीच कथा धावती आहे. पट्ट्यावरून संत्री जातात, आकारानुसार आपोआप वेगळी पडतात. डाग, नरम साल, देठाजवळची कूज मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी बायांचे डोळे पकडतात. छिंदवाड्याच्या संत्र्याला एक जिल्हा एक उत्पादन योजनेत स्थान मिळालं, ‘सतपुडा ऑरेंज’ नावाचं लेबल निघालं. सडकं फळ क्रेटमध्ये गेलं तर शेजारची चार नासतात आणि लेबलाची अब्रू जाते, म्हणून इथेही भिस्त पट्ट्यावरच्या हातावर. जिनाइतका गुंता यात नाही, कारण संत्र्याला उतारा नसतो.

आता दहा हजार गाठींच्या त्या जिनाचा हिशेब पुरा करू. त्याला हंगामात पन्नास हजार क्विंटल कापूस लागतो. त्यावर अर्धा टक्का उतारा वाढला तर अडीचशे क्विंटल रुई जास्त. सरकीची कमी झालेली किंमत वजा करून, खंडीला पंचावन्न हजारांच्याच भावानं, तीस लाखांच्या आसपास. काट्यावरचा पोरगा आणि फिटर या दोघांना मे ते ऑक्टोबर दरमहा वीस-वीस हजारांवर ठेवलं तर खर्च दोन लाख चाळीस हजार. अर्ध्या टक्क्याचा दहावा हिस्सा जरी या दोघांमुळे वाचला तरी पगार निघून वर उरतं. आणि त्या सहा महिन्यांत त्यांना बसून राहावं लागत नाही. फिटरला रूळ उतरवून घासायचे असतात, झिजलेल्या चकत्या बदलायच्या असतात, सुऱ्यांना धार लावायची असते. पोरानं तेव्हा त्याच्याशेजारी बसून गेल्या हंगामाच्या नोंदी काढाव्यात: कुठल्या आठवड्यात उतारा घसरला, त्या आठवड्यात कुठला ढीग चालू होता, कुठल्या रांगेचे रूळ तेव्हा झिजलेले निघाले. हे काम सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवरून करून देऊ शकत नाही.